घरच्या जमाखर्चाची वही
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणावरून)



वर्धापनदिनाला दोन शब्द बोला, असा निरोप चिटणीसबाईंनी धाडला तेव्हा मी त्यांना विचारले, "अहो, मी काय बोलणार? मी ना कुठली विदुषी, ना पुढारीण." त्या म्हणाल्या, "आजी, तुम्ही घरातलंच काहीतरी सांगा. एखादी जुनी सवय, एखादी आठवण. आमच्या सुनांना ते ऐकायला हवं आहे." घरातले सांगायचे म्हटल्यावर मला माघार घेता येईना, कारण घराखेरीज दुसरा विषय माझ्यापाशी नाही आणि घराइतका मोठा विषय दुसरा असेल, असे मला वाटतही नाही.

तेव्हा आज मी एका लहानशा सवयीविषयी बोलणार आहे. रोज रात्री घरचा जमाखर्च लिहून ठेवण्याची सवय. विषय ऐकून पुढच्या रांगेतल्या दोघीतिघी हसल्या, ते मी पाहिले! "आता ही म्हातारी आपल्याला काटकसर शिकवणार," असे त्यांना वाटले असेल. काटकसरीचा उपदेश मी करणार नाही. तो तुम्ही तुमच्या आयांकडून, सासवांकडून पोटभर ऐकलेला आहे. मला सांगायचे आहे ते निराळेच. ज्या वहीत कोथिंबीर नि रॉकेल लिहिले जाते, त्याच वहीत माणसाचे मनही उतरत असते. आणि प्रसंग आला तर तीच वही बाईच्या पाठीशी उभी राहते.

मी १९६९ साली लग्न होऊन पुण्याला सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात आले. आमचे बिऱ्हाड तीन खोल्यांचे. स्वयंपाकघरात एक फडताळ होते. त्यात वरच्या फळीवर देवाची पोथी, आणि पोथीशेजारी लाल कापडी बांधणीच्या वह्यांची चळत. त्या माझ्या सासूबाईंच्या वह्या. पहिली १९५१ सालची. शेवटची २००३ सालची. मधल्या बावन्न वर्षांत एकही वर्ष सुटलेले नाही.

सासूबाईंचे शिक्षण मराठी दुसरीपर्यंतचे. कोकणातल्या खेड्यात मुलीला त्या काळी तेवढेही पुष्कळ होते. लग्नानंतर त्यांच्या सासऱ्यांनी त्यांना आणे-पै शिकवले. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाला एकशे ब्याण्णव पै. एवढे पाठ झाले, आणि मग घरचा हिशेब त्यांच्या हाती आला. तो त्यांनी पुढे अखेरपर्यंत सोडला नाही.

रात्री जेवणे झाली, झाकपाक झाली, ओटा पुसून झाला की त्या दिव्याखाली वही घेऊन बसत. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च, वर "श्री" आणि तिथी. लिहायला शिसपेन्सिल कधी वापरायच्या नाहीत. "पेन्सिलीचं पुसतं. पुसता येणारा हिशेब म्हणजे हिशेबच नव्हे," असे त्या म्हणत. दहा मिनिटांचे काम. ते झाल्याशिवाय त्यांना झोप येत नसे. घरात लग्न असो वा आजारपण.

त्यांचे तीन नियम होते. पहिला, आजचे आज लिहायचे. दुसरा, पैसा कोणाला दिला याबरोबर कशासाठी दिला हेही लिहायचे. आणि तिसरा मला फार आवडतो. वहीत "किरकोळ" हा शब्द लिहायचा नाही. त्या म्हणत, "किरकोळ म्हणजे उंदराचं बीळ. एकदा पडलं की त्यातून काय काय गेलं ते कळत नाही." एक आण्याची सुई आणली तरी सुईच लिहायची. या नियमामुळे झाले काय, की त्या वह्या म्हणजे आमच्या घराची बखरच झाली.

आता तुम्हांला त्या वहीतली एकेक पाने उलगडून दाखवते.

१ एप्रिल १९५७. या दिवशी आपल्याकडे दशमान नाणी आली. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे झाले. आज तुम्हांला याचे काही वाटणार नाही. पण ज्या बायकांची उभी हयात आणे-पैत गेली होती, त्यांची त्या दिवसांत काय तारांबळ उडाली असेल! जुनी नवी नाणी काही वर्षे एकत्रच चालत होती. भाजीवाली मागायची आण्यात, पदरात असायचे नये पैसे. एका आण्याचे सव्वासहा नये पैसे होतात, पण सव्वासहाचे नाणे कुठून आणायचे? म्हणून कोष्टक ठरले होते. एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९, आणि चार आण्यांना बरोबर २५.

सासूबाईंनी हे कोष्टक वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूने लिहून ठेवलेले आहे. त्याखाली त्यांच्या अक्षरात एक ओळ आहे : "तीन आण्यांचे एकदम घेतले तर १९. एकेक आण्याचे तीनदा घेतले तर १८." बघा, मराठी दुसरी शिकलेल्या बाईने हे दुसऱ्या कोणी न सांगता ताडले! मग दुपारी वाड्यातल्या बायका निवडण-टिपण घेऊन आमच्या ओसरीवर जमत आणि सासूबाई त्यांना कोष्टक पाठ करून घेत. वाड्यातली एक आजी तर म्हणे परवचा म्हणतात तसे ते सांजवेळी देवापुढे म्हणायची.

त्यानंतर मापे बदलली. शेर गेला, किलो आला. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. म्हणजे किलो शेरापेक्षा थोडा मोठा. भाव वाढला की माप वाढले, हे कळेनासे झाले. त्या वर्षांच्या वहीत प्रत्येक जिन्नस दोनदा लिहिलेला आहे, शेरात आणि किलोत. घर चालवणारीला कोणी फसवू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

पुढचे पान जुलै १९६१ चे. १२ जुलैला पानशेतचे धरण फुटले. पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि मुठेचे पाणी पुण्यात शिरले. नारायण पेठ, शनिवार पेठ, डेक्कनची बाजू, सगळीकडे घरेच्या घरे गेली. आमचा वाडा उंचावर, म्हणून वाचला. बावन्न वर्षांत वहीचे एकच पान कोरे आहे, ते त्या तारखेचे. त्यावर नुसते "श्री" आणि तिथी.

त्यापुढची पाने मी लग्न होऊन आल्यावर प्रथम पाहिली तेव्हा एका गोष्टीकडे माझे लक्ष गेले. जूनपर्यंत घरात महिन्याला जेवढे गहू दळले जात, त्याच्या अडीचपट गहू जुलैअखेर नि ऑगस्टात दळलेले. मधेच एक सतरंजी घेतलेली. दोन लहान परकर. खोकल्याचे औषध, चार वेळा. खडकवासल्याचे पाणी बंद झालेले, म्हणून विहिरीवरून पाणी आणून देणाऱ्या गड्याचे पैसे. मी सासूबाईंना विचारले, "आई, तेव्हा घरात कोणी राहायला होतं का हो?" त्या म्हणाल्या, "होती नारायण पेठेतली सात माणसं. त्यांचं घर गेलं होतं. दीड महिना होती." मी म्हटले, "ओळखीची होती?" तर म्हणाल्या, "नंतर झाली ओळख."

भगिनींनो, सात परकी माणसे तीन खोल्यांत दीड महिना राहिली, आणि वहीत त्यांचे नाव नाही, उपकाराचा शब्द नाही. फक्त दळण वाढलेले आहे. कोणाला आपण काय दिले याचा गवगवा करू नये म्हणतात. सासूबाईंनी तो केला नाही, पण दळणाचा हिशेब मात्र चोख लिहिला!

आणखी एक पान १९६५ च्या अखेरचे. लालबहादूर शास्त्रींनी देशाला विनंती केली होती की, धान्याची टंचाई आहे, आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडा. पुष्कळ घरांनी सोमवारची रात्र सोडली होती. वहीत दर सोमवारी लिहिलेले आहे : "रात्र : नाही. धाकट्यास दूध." धाकटा म्हणजे माझे दीर, तेव्हा सहा वर्षांचे. ११ जानेवारी १९६६ ला शास्त्रीजी गेले. त्यानंतरही पुष्कळ महिने त्या नोंदी चालूच आहेत. बंद करा असे कोणी सांगितले नव्हते, म्हणून त्यांनी बंद केले नाही. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळे. ती भाकरी थापताना चिरत असे, हे इथल्या माझ्या वयाच्या बायकांना आठवत असेल. ते सालही वहीत आहे आणि त्या पानांवर माझेही अक्षर आहे. कारण तोवर वही एक दिवसाआड माझ्याकडे आली होती.

आता तुम्हांला वाटेल की, अशा घरात सगळेजण सासूबाईंना नावाजत असतील. तसे मुळीच नव्हते! वाड्यात त्यांना कोणी कोणी पाठीमागे "चिकट" म्हणत. फुटकी कपबशी त्या टाकून देत नसत, तिच्यात तुळशीचे रोप लावीत. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, गोधड्यांची पायपुसणी, नि पायपुसण्याची शेवटी बंबाची चिंधी. भाजीवालीशी घासाघीस करीत. "एवढा पैसा साठवून काय करणार आहेत कोण जाणे!" असे मी स्वतः नळावर ऐकलेले आहे.

त्याच वह्यांत जून १९५८ पासून एक नोंद दरसाल येते. "मुलीची पुस्तके-वह्या." कधी "मुलीची छत्री." एका साली "मुलीची चप्पल." भगिनींनो, आमच्या घरात मुलगी नव्हती! माझे यजमान आणि माझे दीर, दोनच भाऊ. मी सासूबाईंना विचारले, "ही मुलगी कोण?" त्या वाटाणे सोलत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "कशासाठी दिले ते लिहिलंय ना? मग झालं." मामंजींना विचारले तर ते हसले नुसते. म्हणजे त्यांनाही ठाऊक होते.

पुष्कळ वर्षांनी, सासूबाई आजारी असताना, एक बाई त्यांना भेटायला आल्या. पन्नाशी उलटलेल्या, नीटनेटक्या. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्या पायथ्याशी बसल्या आणि सासूबाईंचे पाय चेपू लागल्या. वाड्यात भांडी घासायला येणाऱ्या बाईंची ती मुलगी. मला म्हणाल्या, "वहिनी, शाळेची फी माफ झाली होती, पण पुस्तकं कुठं माफ होतात? आई मला शाळेतून काढायला निघाली होती. काकू म्हणाल्या, तिचा पुस्तकांचा खर्च माझ्या वहीत राहील." त्या सातवी झाल्या, मॅट्रिक झाल्या, मग अध्यापनाचा अभ्यासक्रम केला. किती मुलांना त्यांनी शिकवले असेल, याचा हिशेब कुठल्या वहीत मांडायचा? कपबशीत तुळस लावून वाचवलेला पैसा कुठे गेला, ते मला त्या दिवशी कळले.

आता मी या सवयीची दुसरी बाजू सांगते. ती जरा गंभीर आहे.

आमच्या वाड्यात समोरच्या बिऱ्हाडात एक वहिनी होत्या. नवरा कारकून, दोन लहान मुले. १९६७ साली ते गृहस्थ हृदयविकाराने गेले, वय अवघे अडतीस. तेराव्याचा विधी उरकतो न उरकतो तोच नात्यातले एक गृहस्थ आले. म्हणाले, "बहिणीच्या लग्नाला त्यांनी माझ्याकडून पाचशे रुपये घेतले होते. ते सगळे बाकी आहेत. मला लवकर मिळाले तर बरे." त्या काळी पाचशे रुपये म्हणजे कारकुनाचा काही महिन्यांचा पगार. घरातल्या वडीलधाऱ्यांनी तर वहिनींच्या पाटल्या मोडायची भाषा सुरू केली.

वहिनी फारशा बोलणाऱ्या नव्हत्या. पण सासूबाईंचे पाहून त्याही तीन वर्षे वही लिहीत होत्या. त्या आत गेल्या, वही घेऊन आल्या आणि चार माणसांत उघडून ठेवली. दर महिन्याच्या पाच तारखेला नोंद होती. "लग्नाच्या उसन्यापैकी २० रुपये, स्वतः नेऊन दिले." असे बावीस हप्ते. बावीस विसे चारशेचाळीस. बाकी राहिले होते साठ रुपये.

त्या गृहस्थांनी वही हातात घेतली, पाने उलटली. हप्त्यांच्या अलीकडे पलीकडे दूध, इस्त्री, मुलाची पाटी, सासूचे औषध, अशा रोजच्या नोंदी. एका शाईत नाहीत, एका दिवशी लिहिलेल्या नाहीत. खोटे लिहायला कोणी अशी तीन वर्षे बसत नाही, हे कोणालाही कळण्यासारखे होते. ते म्हणाले, "माझ्या लक्षात राहिलं नसेल." कदाचित तसेही असेल, आपण कोणाला दोष देऊ नये. वहिनींनी साठ रुपये तीन महिन्यांत फेडले. शेवटच्या हप्त्याला सासूबाई त्यांच्याबरोबर गेल्या आणि म्हणाल्या, "पावती द्या." ती पावती वहिनींच्या वहीत डकवलेली मी पुढे पाहिली आहे. पाटल्या हातात राहिल्या. त्या गहाण ठेवून वहिनींनी शिवणाचे यंत्र घेतले, आणि दोन वर्षांत त्या सोडवूनही आणल्या. त्या यंत्रावर दोन्ही मुलांची शिक्षणे झाली.

विचार करा, ती वही नसती तर त्या दिवशी चार पुरुषांसमोर वहिनींच्या शब्दाला कोणी किंमत दिली असती का? बाई रडून सांगते तेव्हा लोक कीव करतात. बाई तारीखवार दाखवते तेव्हा लोकांना ऐकावे लागते.

म्हणूनच आपल्या आधीच्या थोर बायकांनी अक्षरासाठी एवढा अट्टहास केला. रमाबाई रानड्यांचे लग्न १८७३ साली झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळखही नव्हती. घरातल्या बायकांची बोलणी सोसून त्या शिकल्या. त्याच रमाबाईंच्या पुढाकाराने पुण्यात १९०९ साली सेवासदन उभे राहिले आणि संसारी बायका पाटी-पेन्सिल घेऊन वर्गात बसू लागल्या. पन्नास वर्षांनी, १५ मार्च १९५९ ला, गिरगावात सात बायका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल किती, तर उसने घेतलेले ऐंशी रुपये. त्यातून लिज्जत पापडाचा केवढा पसारा वाढला, ते तुम्ही जाणताच. लाटणे तर आपल्या सगळ्यांच्याच हाती होते. लाटण्याला हिशेबाची जोड मिळाली म्हणून ते काम पुढे गेले, असे मला वाटते. आपल्या मंडळाची भिशी इतकी वर्षे भांडणतंट्यावाचून चालली आहे, तीही आपल्या खजिनदारबाईंची वही चोख आहे म्हणूनच. हो की नाही?

एवढे सांगितल्यावर वहीचा एक उणेपणाही सांगायला हवा. सासूबाईंच्या सगळ्या वह्यांत त्यांच्या स्वतःच्या कष्टाची एकही नोंद नाही. पहाटे पाचला उठून बंब पेटवला, दोन वेळचा स्वयंपाक केला, आजारी सासऱ्यांचे केले, याचा रकानाच नाही. सरकारने २०२४ साली लोकांच्या दिवसभराच्या वेळेची पाहणी केली. तीत असे आढळले की, ज्या बायका घरचे काम करतात त्यांची दिवसाची सरासरी २८९ मिनिटे बिनमोबदल्याच्या घरकामात जातात. म्हणजे पावणेपाच तासांहून अधिक. जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांची ८८ मिनिटे. २०१९ च्या पाहणीत हे आकडे २९९ आणि ९७ होते. या मिनिटांचे मोल कोणी चुकते करत नाही. ते पैशात मागावे असे मी म्हणणार नाही. पण घरातल्या मंडळींना ते दिसावे, एवढे तरी म्हणेन. एखाद्या रविवारी वहीच्या खर्चाच्या बाजूला आपले तासही लिहा आणि घरात वाचून दाखवा. भांडू नका, नुसते वाचा. आमच्या घरी नातसुनेने हा प्रयोग केला, तेव्हापासून नातू सकाळचा चहा करतो आणि कपबशा विसळून ठेवतो. चहा जरा पाणचट असतो; पण आम्ही नाव ठेवत नाही.

नातसुनेचे निघालेच आहे म्हणून सांगते. ती मला म्हणाली, "आजी, आता वही कशाला? सगळे पैसे फोनवरून जातात, फोनमध्ये आपोआप नोंद होते." तिचे म्हणणे खोटे नाही. २०१६ पासून यूपीआय आले आणि आता भाजीवालीच्या टोपलीवरही तो चौकोनी ठिपक्यांचा कागद असतो. मीही तसे पैसे देते. पण मी तिला एवढेच म्हटले, "अगं, पैसे कोणाला गेले ते तुझा फोन सांगतो. कशासाठी गेले ते सांगतो का?" तिने मागल्या महिन्याची यादी उघडली. चाळीसएक नोंदींपैकी निम्म्यांचा अर्थ तिला लागेना. सासूबाईंच्या भाषेत सगळेच "किरकोळ" झाले होते! आता ती फोनवरच, पण कारणासह लिहिते. वही कागदाची हवी, असा माझा हट्ट नाही. रोजची हवी आणि आपल्या समजुतीची हवी.

भगिनींनो, मंडळाच्या वर्धापनदिनी नुसत्या आठवणी ऐकून घरी जाऊ नये. म्हणून आजपासून करता येतील अशी चार कामे सांगते.

पहिले, रोजचा खर्च रोज लिहा. पगार नवऱ्याचा असो, मुलाचा असो, की तुमचा स्वतःचा असो. दहा मिनिटे लागतात.

दुसरे, वहीचे शेवटचे पान राखून ठेवा. त्यावर घरातल्या खात्यांची, ठेवींची, विम्याची यादी करा. कागद कुठल्या कपाटात आहेत ते लिहा आणि प्रत्येक खात्याला वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे ते पाहून घ्या. पुष्कळ घरांत नवरा गेल्यावर बाईला ठाऊकच नसते की, पैसा कुठे आहे. दहा वर्षे कोणी न विचारलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग करतात. त्या बुडत नाहीत, हक्क सांगून परत मिळतात. आणि त्या शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ साली "उद्गम" नावाची सोय काढली आहे. नातवंडांकडून एकदा बघून घ्या. पण मुळात यादी असली तर शोधायची वेळ येत नाही.

तिसरे, आपले दागिने लिहून ठेवा. माहेरचे कोणते, सासरचे कोणते, कधी मिळाले. स्त्रीधन हे त्या स्त्रीच्याच मालकीचे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट सांगितले आहे. सासूबाईंनी मात्र १९५१ च्या वहीतच यादी केली होती : "पाटल्या, आईने दिल्या. नथ, सासूबाईंची."

चौथे, उसने घेतलेले आणि दिलेले, दोन्ही लिहा. नाती पैशाने तुटत नाहीत, विसरण्याने तुटतात. लिहिलेले असले की, मनात किंतु राहत नाही.

आणि आता सासूबाईंच्या अखेरच्या दिवसांविषयी थोडेसे. २००१ पासून त्यांची स्मृती हळूहळू जाऊ लागली. माणसे ओळखू येईनात. एकच गोष्ट दिवसातून दहादा विचारायच्या, "दूधवाल्याचे दिले का?" तरी रात्र झाली की हात फडताळाकडे जायचा. मी वही उघडून द्यायची. त्या "श्री" काढीत, तिथी मला विचारीत, आणि "दूध" एवढेच लिहीत. पुढे आकडा कधी एक, कधी शंभर. शिल्लक जुळत नसे. मी ती पाने तशीच ठेवली आहेत.

अशा एका संध्याकाळी त्या फार अस्वस्थ होत्या. काही सुचेना, म्हणून मी १९६१ ची वही काढून त्यांना मोठ्याने वाचून दाखवू लागले. गहू इतके, सतरंजी इतक्याची, परकर दोन. त्या ऐकत होत्या. "खोकल्याचे औषध" म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि अगदी स्वच्छ आवाजात विचारले, "त्यांच्या धाकटीचा खोकला गेला का गं?" मी म्हटले, "हो आई, गेला. बरी आहे ती." त्या "बरं झालं" म्हणाल्या आणि शांत झोपल्या. माझे नाव त्या दिवशी त्यांना आठवत नव्हते; पण चाळीस वर्षांपूर्वीच्या एका परक्या पोरीचा खोकला त्या विसरल्या नव्हत्या. त्यानंतर मी रोज रात्री त्यांना एकेक पान वाचून दाखवत असे. २००४ साली त्या गेल्या.

मंडळाच्या शेल्फात आपण पाककृतींची पुस्तके ठेवतो, भजनांच्या वह्या ठेवतो. माझी एक सूचना आहे. ज्यांच्या घरी आजीच्या, आईच्या अशा हिशेबाच्या जुन्या वह्या असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. घरात एकदा सगळ्यांनी बसून त्या वाचाव्यात. साखरेचे भाव वाचून मुले हसतील, हसू द्या. मग एखाद्या नोंदीपाशी ती थांबतील आणि विचारतील, "आजी, हे कोणासाठी गं?" त्या प्रश्नाचे उत्तर देता येईल अशी एकतरी नोंद आपल्या प्रत्येकीच्या वहीत असावी, एवढीच माझी इच्छा.

बोलण्याच्या ओघात वेळ बराच झाला. चहा-पोहे तयार आहेत असे चिटणीसबाई खुणावीत आहेत, आणि पोहे निवू देणे बरे नव्हे. आपल्या मंडळाचा असाच उत्कर्ष होवो.